काळा उंदीर: आधी वर बघा, पिंजरा नंतर

रात्री छतात खुडबुड सुरू झाली की माणूस सकाळी पहिलं काम करतो ते पिंजरा आणायचं. आणतो, जमिनीवर कोपऱ्यात ठेवतो आणि आठवडाभर तो रिकामाच राहतो. हे मी स्वतः केलं आहे, सलग नऊ रात्री. आमिष बदललं, कोपरा बदलला, पिंजराही बदलला. दहाव्या दिवशी शिडी लावून माळ्यावर चढलो, तेव्हा कळलं की या उंदराला जमिनीशी फारसं कर्तव्यच नव्हतं. तो तुळईवरून यायचा, पाण्याच्या पाइपावरून उतरायचा, मिळेल ते उचलून आल्या वाटेने वर जायचा. माझा पिंजरा त्याच्या रस्त्यावर नव्हताच.

काळा उंदीर मुळात झाडावरचा प्राणी आहे आणि माणसाचं घर त्याच्या लेखी सोयीचं, कोरडं, खाण्यापिण्याने भरलेलं एक झाड आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात.

पायरी १: समोर आहे तो नक्की कोण, ते ठरवा

रंगावर जाऊ नका. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या प्राण्याला नाव दिलं तेव्हा युरोपातले काळे नमुने डोळ्यांसमोर होते, आणि ‘काळा उंदीर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रत्यक्षात रॅटस रॅटस (हे याचं शास्त्रीय नाव) काळा असतो, राखाडी असतो, पाठ तपकिरी आणि पोट पांढरंशुभ्र असाही असतो. एकाच वेतातली पिल्लंसुद्धा दोन रंगांची निघतात.

ओळखायचा ते शेपटीवरून. मेलेला उंदीर हाती लागला, तर हातमोजे घालून त्याची शेपूट पाठीवरून नाकाकडे ओढा. ती नाकाच्या पुढे गेली तर काळा उंदीर, अलीकडेच थांबली तर बहुधा तपकिरी, म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस. मग कान बघा. काळ्याचे कान मोठे, पातळ, जवळजवळ केस नसलेले असतात आणि पुढे मुडपले तर डोळ्यावर येतात. तपकिरीचे कान लहान, जाड. काळ्याचं तोंड निमुळतं, अंग सडपातळ आणि वजन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास. तपकिरी सहज तीनशे-चारशेच्या पुढे जातो. जमीन उकरून मातीचे ढीग काढणारी घूस हा वेगळाच प्राणी. लांब टोकदार सोंड आणि उग्र वास असलेली चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही, ती किडे खाते. तिच्यासाठी पिंजरे लावण्यात अर्थ नाही, उलट ती झुरळं कमी करते.

हा फरक पुस्तकी नाही. तपकिरी उंदीर खणतो, पोहतो, गटारात आणि पायाखाली राहतो. काळा चढतो. दोघे एकाच इमारतीत असले तर बहुतेक वेळा तळमजला तपकिरीचा आणि वरचे मजले काळ्याचे अशी वाटणी झालेली दिसते. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

थोडं विषयांतर, पण कामाचं

काळ्या उंदराचं मूळ भारतीय द्वीपकल्पात आहे. तिथून तो धान्याबरोबर आणि जहाजांबरोबर निघाला. दोरांवर चढणं त्याच्या अंगात असल्याने जहाज त्याला मानवलं, आणि अनेक देशांत तो आजही ‘जहाजी उंदीर’ म्हणूनच ओळखला जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून एक गमतीची गोष्ट पुढे आली: युरोपात तो किमान दोनदा पोचला. एकदा रोमन काळात, आणि ते साम्राज्य विस्कटल्यावर संख्या घसरल्यानंतर पुन्हा मध्ययुगात. म्हणजे बाजारपेठा आणि कोठारं आटली तसा उंदीरही आटला. हे लक्षात ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

दुसरी गोष्ट इस्रायलमधली. तिथे लावलेल्या पाइनच्या जंगलांत काळे उंदीर राहतात आणि जवळजवळ पाइनच्या बियांवरच जगतात. त्या बिया कडक शंकूच्या खवल्यांखाली असतात. खवले बुंध्याकडून सुरू करून गोल गोल चढत काढले तरच मेहनत परवडते. वेडेवाकडे कुरतडले तर बियांतून मिळते त्यापेक्षा जास्त शक्ती खर्च होते. रॅन आयस्नर आणि जोसेफ टर्केल या संशोधकांनी दाखवून दिलं, की ही युक्ती पिल्लं जन्मतः घेऊन येत नाहीत. आईने अर्धवट सोललेले शंकू पुढे सोलता सोलता ती शिकतात. जंगलात खारीची जागा रिकामी होती, ती उंदराने एका कौशल्याच्या जोरावर घेतली. आपण ज्याच्याशी गाठ घालतो आहोत तो नुसता कुरतडणारा जीव नाही, शिकणारा आहे.

पायरी २: खुणा वाचा, आणि त्या वर शोधा

दिवसा, चांगली विजेरी आणि शिडी घेऊन सुरुवात करा.

लेंड्या: काळ्या उंदराची लेंडी साधारण बारा मिलिमीटर, किंचित वाकडी, दोन्ही टोकांना निमुळती. तपकिरीची मोठी आणि टोकांना बोथट. घरातल्या लहान उंदराची तांदळाच्या दाण्याहूनही छोटी. लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला तर ती पालीची, विनाकारण घाबरू नका. काळा उंदीर चालता चालता लेंड्या टाकतो, म्हणून त्या वाटेवर विखुरलेल्या असतात. एका जागी बऱ्याच पडल्या असतील, तर तिथे तो थांबून खातो.

तेलकट डाग: अंगावरचं तेल आणि धूळ घासून वाटेवर काळपट पट्टा उमटतो. काळ्या उंदराची सही म्हणजे आडव्या तुळईखाली, वासा जिथे तिला मिळतो त्या दोन्ही अंगांना दिसणारे अर्धगोल डाग. वासा आडवा आला की तो खालून झोका घेतल्यासारखा पलीकडे जातो, तिथे ते पडतात.

कुरतडण्याच्या खुणा: पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. फक्त पुढच्या बाजूला कठीण, लोहामुळे नारिंगी झालेलं आवरण असतं. मागची बाजू मऊ असल्याने आधी झिजते आणि धार आपोआप राहते. ताजी कुरतड फिकट आणि कडा धारदार, जुनी काळवंडलेली. फळं आणि नारळ यांना काळा उंदीर एक गोल भोक पाडून आतून पोकळ करतो आणि कवच तसंच लटकत ठेवतो.

शंका राहिलीच तर संशयित जागी पिठाचा किंवा टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा. पुढच्या पावलाला चार बोटं, मागच्याला पाच. मधोमध शेपटीची रेघ उमटली तर उत्तमच.

पायरी ३: नकाशा काढा

हे काम लोक टाळतात आणि तिथेच फसतात. कागदावर जागेचा आराखडा काढा, पण जमिनीचा नव्हे तर भिंतीचा आणि छताचा. प्रत्येक लेंडी, डाग, कुरतड त्यावर टिपा. तासाभरात ठिपक्यांतून रेषा दिसू लागतात.

या रेषा इतक्या ठरलेल्या का असतात? उंदराची नजर अधू आहे, पण मिशा आणि अंगावरचे लांब केस फार संवेदनशील. तो भिंतीला, कडेला, पाइपाला अंग घासत जातो आणि वाट स्नायूंनी पाठ करतो. अंधारात पूर्ण वेगाने पळू शकतो ते याच बळावर. उघड्या मैदानातून जाणं त्याला आवडत नाही. घरटं आणि खाणं जवळ असेल, तर एका रात्रीत तो सहसा काही डझन मीटरांच्या पलीकडे जात नाही. बाहेर झाडांवर राहणारा याहून लांब फिरतो.

नकाशावर तीन गोष्टी गोल करा: घरटं, खाणं, पाणी. घरटं बहुधा माळ्यावर, खोट्या छतात किंवा दाट वेलीत, चिंध्या-कागद-पानांचं गोळा केलेलं. कोरडं धान्य खाणाऱ्याला पाणी लागतंच. रसाळ फळं मिळत असतील तर वेगळं पाणी नसलं तरी चालतं.

पायरी ४: किती आहेत, याचा अंदाज

‘एका जोडीचे वर्षात हजारो होतात’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. कागदावर ते जमतं, जगात होत नाही. गर्भ एकवीस ते तेवीस दिवसांचा. एका वेतात पाच ते आठ पिल्लं. डोळे दोन आठवड्यांनी उघडतात, तीन-चार आठवड्यांनी दूध सुटतं आणि तीन-चार महिन्यांत ती स्वतः वीण घालू लागतात. आता साधा हिशेब करा. एका मादीची वर्षभरात चार वेतं, प्रत्येकी सहा, म्हणजे चोवीस पिल्लं. एखाद्या ठिकाणी उंदरांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहत असेल, तर त्या चोवीसांतली दोनच आईबापांची जागा घेण्यापुरती जगली. बाकी बावीस गेली. मोकळ्या जगात उंदराला एक वर्ष म्हणजे दीर्घायुष्य.

ही बावीस भूक, रोग, घुबड, साप, मांजर आणि आपसांतली भांडणं यांत जातात. मग तुम्ही दहा मारले तर काय होतं? उरलेल्यांना जास्त खायला मिळतं, त्यांची पिल्लं जास्त जगतात आणि शेजारचे रिकाम्या जागेत शिरतात. मारून संख्या थोडे दिवस उतरते. ती कुठे स्थिरावेल ते अन्न आणि आडोसा ठरवतात.

नेमका आकडा मिळणार नाही, तुलनेपुरता मिळवता येतो. दहा चाप तीन रात्री लावले तर तीस सापळा-रात्री झाल्या. त्यांत चार उंदीर सापडले तर शंभर सापळा-रात्रींना साधारण तेरा. जो चाप रिकामा उडाला, त्याची अर्धीच रात्र धरा. तीन महिन्यांनी तेच चाप त्याच जागी लावून पुन्हा मोजा. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक हीच खरी माहिती. दिवसाढवळ्या उंदीर दिसत असतील, तर बहुधा गर्दी किंवा उपासमार आहे, नाहीतर घरटं कुणीतरी हलवलं आहे.

पायरी ५: झाडाचं झाडपण काढून घ्या

सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत परिणामकारक पायरी हीच.

अन्न: एका उंदराला रात्रीला पंधरा ग्रॅमच्या आसपास पुरतं, मूठभरसुद्धा नाही. म्हणून ‘थोडंसं सांडलं तर काय’ हे चालत नाही. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा काचेच्या डब्यात ठेवा. पातळ प्लास्टिक तो सहज फोडतो. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, पाळीव प्राण्यांच्या थाळीतलं उरलेलं, झाडाखाली पडलेली फळं रात्र होण्याआधी उचला. गळका नळ दुरुस्त करा.

वाट: छतावर टेकलेल्या फांद्या दोन मीटर मागे छाटा. आडवी उडी तो सव्वा मीटरपर्यंत मारतो, उभी पाऊण मीटरपर्यंत, आणि ताणलेल्या तारेवरून सहज चालतो. तारा-पाइप जिथे भिंतीला मिळतात तिथे पत्र्याची चकती किंवा उलटं नरसाळं बसवा. बंदरात जहाजांच्या दोरांना लावतात त्या चकत्यांचं तत्त्व हेच. नारळाच्या किंवा फळझाडाच्या बुंध्याला जमिनीपासून दोन मीटरवर अर्धा मीटर रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा. शेजारच्या झाडाची फांदी त्या झाडाला लागत असेल तर पट्टा फुकट गेला.

फटी: बारा मिलिमीटरची फट तरण्या उंदराला पुरते. सहा मिलिमीटरची धरून बुजवली तर लहान उंदीरही अडतात. लोखंडी जाळी, सिमेंट, पत्रा वापरा. नुसता फोम भरणं म्हणजे त्याला चघळायला देणं. मात्र सगळ्या फटी एका दिवसात बंद करू नका. मुख्य वाट उघडी ठेवा, तिच्यावर सापळे लावा आणि आत कुणी उरलं नाही याची खात्री झाल्यावर ती शेवटी बंद करा. नाहीतर आत अडकलेले भिंतीत मरतात आणि तो वास आठवडे जात नाही.

पायरी ६: सापळा, पण घाई न करता

काळा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. ओळखीच्या वाटेवर अचानक आलेला डबा त्याला संशयास्पद वाटतो आणि तो दिवसचे दिवस वळसा घालून जातो. माझ्या नऊ रात्रींपैकी काही याच्याही खाती जमा असतील.

म्हणून चाप वाटेवर ठेवा, त्यांत आमिष घाला, पण ताणू नका. चार-पाच रात्री फुकट खाऊ द्या. आमिष संपलेलं दिसू लागलं की सगळे चाप एकाच रात्री ताणा. दोन चाप महिनाभर लावण्यापेक्षा बारा चाप दोन रात्री लावलेले बरे. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. तुळईवर किंवा पाइपाशेजारी लावायचे तर तारेने पक्के बांधा, नाहीतर जखमी उंदीर चापासकट खाली पडतो. शेंगदाणा, सुकं खोबरं, सुकामेवा चालतो, पण आमिष दोऱ्याने बांधा, नाहीतर तो अलगद उचलून नेतो. कापूस किंवा सुतळीचा तुकडाही घरटं बांधणाऱ्या मादीला ओढून आणतो.

पिंजऱ्यात जिवंत पकडून दूर सोडणं दयाळूपणाचं वाटतं. अनोळखी जागेत तो उंदीर बहुधा लवकर मरतो, नाहीतर दुसऱ्याच्या छतात शिरतो. गोंदाच्या पुठ्ठ्याविषयी माझं मत स्पष्ट आहे: वापरू नका. त्यावर प्राणी तासन् तास तडफडतो, आणि पाली, पक्षीही चिकटतात. न्यूझीलंडने २०१५ पासून आणि इंग्लंडने २०२४ पासून सामान्य लोकांच्या वापरासाठी ते बंद केले आहेत. ‘न ऐकू येणाऱ्या’ आवाजाच्या यंत्रांचं काय? उंदराला तो आवाज येतो, पण थोड्या दिवसांत तो सरावतो, आणि असा आवाज भिंत-कपाट ओलांडत नाही. मांजर मुख्यतः पिल्लं पकडतं. पूर्ण वाढलेल्या उंदराच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत.

विषाबद्दल

उंदराला उलटी करता येत नाही. म्हणूनच तो नवं अन्न आधी किंचित चाखतो आणि थांबतो. पोटात गडबड झाली तर ती चव पुन्हा घेत नाही. झिंक फॉस्फाइडसारखी झटपट विषं इथे मार खातात: अर्धवट डोस घेऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाकडे फिरकत नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी आलेलं वॉरफरिन यावर तोड ठरलं. ते के जीवनसत्त्वाचं चक्र अडवून रक्त गोठू देत नाही आणि मरण काही दिवसांनी येतं, त्यामुळे उंदराला अन्नाशी त्याचा संबंध लागत नाही. काळा उंदीर मात्र तपकिरीच्या तुलनेत वॉरफरिनला मुळातच कमी दाद देतो. नंतर ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकमसारखी जहाल औषधं आली. ती यकृतात दीर्घकाळ टिकतात आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडालाही मारतात. फुकटात उंदीर संपवणाऱ्यालाच आपण विष घालतो. मुलंबाळं, पाळीव जनावरं असतील तिथे विष हा शेवटचा उपाय, तोही कुलूपबंद पेटीत आणि जाणकाराच्या हातून.

पायरी ७: साफसफाई

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. खिडक्या उघडा, हातमोजे-मुखपट्टी घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने पुसून पिशवीत बांधा. लेप्टोस्पायरोसिस या तापाचे लेप्टोस्पायरा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहून मूत्रावाटे पडतात आणि जखमेतून किंवा ओल्या त्वचेतून माणसात शिरतात. उघड्या जखमा झाकूनच कामाला लागा.

मेलेला उंदीर हाताने उचलू नका. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं, की प्लेग उंदराकडून उंदराकडे जातो तो पिसवांमार्फत. शरीर गार पडलं की पिसवा ते सोडतात आणि पुढचं उबदार अंग शोधतात, मग ते तुमचंही असू शकतं. तुम्ही काहीच न करता अचानक बरेच उंदीर मरून पडू लागले, तर आनंद न मानता आरोग्य खात्याला कळवा.

तुम्ही बेटावर असाल तर नियम बदलतात

मोठ्या भूभागावर काळ्या उंदराला पूर्ण संपवणं जमत नाही, तसं ठरवूही नका. आपली इमारत, आपली बाग एवढीच हद्द धरा. बेटावर मात्र एकही उंदीर परवडत नाही, कारण तिथले पक्षी झाडावर चढणारा शत्रू न पाहता वाढलेले असतात. १९१८ मध्ये मकाम्बो हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाजवळ अडकलं आणि त्यातून काळे उंदीर उतरले. थोड्याच वर्षांत तिथल्या पाच खास पक्ष्यांचा आणि झाडांवरच्या मोठ्या काडीकिड्याचा त्या बेटावरून मागमूस उरला नाही. न्यूझीलंडच्या बिग साउथ केप बेटावर १९६० च्या दशकात हेच घडलं. तिथले सॅडलबॅक पक्षी उरले ते केवळ छत्तीस पक्षी उचलून दुसऱ्या बेटांवर नेले म्हणून.

नुकसान पाण्याखालीही पोचतं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांमार्फत येणारा नायट्रोजन उंदरांच्या बेटांच्या तुलनेत २५१ पट निघाला. तो धुपून प्रवाळांवर जातो, आणि त्या बेटांभोवती माशांचं एकूण वजनही जवळजवळ निम्म्याने जास्त होतं. न्यूझीलंडमध्ये मात्र उलटा प्रकारही दिसला आहे: ज्या फुलांचे मूळचे परागवाहक पक्षी नाहीसे झाले, त्यांतल्या काहींवर रात्री हेच उंदीर येतात आणि थोडंफार परागीभवन करून जातात. निसर्गाचे हिशेब असे सरळ रेषेत बसत नाहीत.

पायरी ८: तीन महिने पहारा

लॉर्ड हाउवर २०१९ मध्ये उंदीर संपवण्याची पूर्ण बेटभर मोहीम झाली. २०२१ मध्ये पुन्हा उंदीर दिसले आणि शोध नव्याने सुरू करावा लागला. घरातही तसंच. शेवटची फट बुजवल्यावर पुठ्ठ्याच्या पन्हळीत थोडं शेंगदाण्याचं लोणी भरून असे सात-आठ तुकडे तुळईवर, पाइपाशी, माळ्याच्या तोंडाशी टाचा आणि प्रत्येकावर जागा व तारीख लिहा. दर पंधरवड्याला शिडी लावून बघा. एखाद्या तुकड्याला दोन समांतर दातांच्या खुणा दिसल्या, तर सगळीकडे चाप लावत बसू नका. जुना नकाशा काढा, त्या तुकड्यापासून वरच्या दिशेने माग घ्या आणि पहिली फट सापडेपर्यंत शिडीवरून उतरू नका.